झेड ड्राइव्ह तुमचा आहे, जॉबचा नाही

ज्यांना गर्दीत इअरफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज एकच प्रश्न घेतोय. नव्याने डेटाच्या किंवा सपोर्टच्या नोकरीला लागलेले बरेच जण हाच प्रश्न विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. प्रश्न असा: मी एसएसआयएसचं पॅकेज बनवलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ॲक्सेसची फाइल आहे, ती वाचायची आणि डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाकायचा. व्हिज्युअल स्टुडिओत रन केलं, सगळीकडे हिरव्या टिकमार्क. मग तेच पॅकेज एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या जॉबमध्ये लावलं, रात्री दोनला. सकाळी बघतो तर लाल फुली. मेसेज काय, तर पाथ बरोबर नाही, स्पेलिंग तपासा. अरे, स्पेलिंग काय तपासू? फाइल समोर दिसतेय, डबल क्लिक केली की उघडतेय!

यावर बहुतेक जण काय करतात, तर जॉब पुन्हा लावतात. पुन्हा लाल. मग सर्व्हर रीस्टार्ट. मग नेटवर्कवाल्या दादांना फोन. ते म्हणतात, आमच्याकडून सगळं ओके आहे. आणि गंमत म्हणजे ते खरं बोलत असतात.

कारण गडबड फाइलमध्ये नसते आणि वायरमध्येही नसते. दिवसा पॅकेज चालवणारे तुम्ही असता. रात्री ते चालवणारा दुसराच कोणीतरी असतो. त्याचं नाव वेगळं, त्याचे हक्क वेगळे, त्याला दिसणारे ड्राइव्ह वेगळे. हा दुसरा कोण आहे ते आधी शोधायचं, बाकी सगळं नंतर.

आता कोणी म्हणेल, आजच्या काळात ॲक्सेसची फाइल कोण वापरतं? भरपूर लोक वापरतात, फक्त ते इन्स्टाग्रामवर सांगत नाहीत. आमच्या टीमकडे एका साखर कारखान्याचं रिपोर्टिंगचं काम होतं. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक जुना पीसी. त्यावरचं सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीचं, ट्रकचं, बैलगाडीचं वजन एका एमडीबी फाइलमध्ये लिहितं. एमडीबी म्हणजे ॲक्सेसचा जुना फॉरमॅट. ऑफिसच्या सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर, आणि मध्ये आपला रात्रीचा जॉब.

हा जॉब पडला की नुसता डॅशबोर्ड रिकामा दिसतो असं नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात. कुणाचे किती टन हे काट्यावरच ठरतं. काट्याची नोंद पुढे सरकली नाही, तर शेतकी विभागातला माणूस रजिस्टर घेऊन हाताने बेरीज करत बसतो, आणि एखादी स्लिप राहिली तर ती कुणाच्या तरी घरच्या उसाची असते. म्हणून 'चालतंय की बहुतेक' हे इथे चालत नाही.

झेड ड्राइव्हची भानगड

पॅकेजमध्ये पाथ काय दिलेला असतो? झेड कोलन, बॅकस्लॅश, काटा डॉट एमडीबी. हा झेड ड्राइव्ह कधीतरी कुणीतरी मॅप केलेला असतो आणि मग सगळ्यांना वाटतं तो कॉम्प्युटरचा भाग आहे, सी ड्राइव्हसारखा. तसं नाहीये. सी ड्राइव्ह मशीनचा असतो. मॅप केलेला ड्राइव्ह तुमच्या लॉगिनचा असतो. तुम्ही लॉगिन केलं, विंडोजने तुमच्यासाठी ती पाटी लावली. तुम्ही लॉगऑफ केलं, पाटी गेली. रात्री दोनला जी सर्व्हिस जॉब चालवते तिच्या सेशनमध्ये झेड नावाचं काही नसतंच. म्हणून ती म्हणते पाथ बरोबर नाही. तिच्या बाजूने बघितलं तर अगदी बरोबर बोलतेय.

पटत नसेल तर स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर करून बघा, दोन मिनिटांचं काम. अकाउंट ॲडमिन असेल तर कुठलंही शेअर्ड फोल्डर झेड म्हणून मॅप करा. मग साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि झेडवर जा. जाता येईल. आता दुसरा कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि तेच करा. डीफॉल्ट सेटिंग असेल तर झेड सापडणार नाही. माणूस तोच, मशीन तेच, स्क्रीनसुद्धा तीच. पण विंडोजच्या हिशेबी ती दोन वेगळी सेशन्स आहेत. एकाच माणसाच्या दोन सेशन्सची ही गत, तर तिसऱ्याच अकाउंटने चालणाऱ्या सर्व्हिसचं काय घेऊन बसलात!

म्हणून पॅकेजमध्ये ड्राइव्हचं अक्षर लिहायचंच नाही. पूर्ण नेटवर्क पाथ लिहायचा: दोन बॅकस्लॅश, मशीनचं नाव, बॅकस्लॅश, शेअरचं नाव, मग फाइल. \\काटापीसी\डेटा\काटा.एमडीबी असं काहीतरी. काही जण जॉबच्या सुरुवातीला 'नेट यूज' कमांडने झेड मॅप करतात. चालतं, पण उद्या दुसऱ्या जॉबने तेच अक्षर वापरलं की पुन्हा शोधाशोध. मला ते आवडत नाही.

जॉबलाच विचारा, तू कोण?

पाथ बदलला, पुन्हा रन केलं, आता मेसेज वेगळा येतो: फाइल उघडता येत नाही, दुसऱ्या कोणी एक्सक्लुझिव्ह उघडली आहे किंवा तुम्हाला परवानगी नाही. हा मेसेज वैताग देतो, कारण एका वाक्यात दोन वेगळी कारणं सांगतो आणि त्यातलं कुठलं खरं ते सांगत नाही.

इथे अंदाज बांधत बसू नका. त्याच जॉबमध्ये पॅकेजच्या आधी एक नवीन स्टेप टाका, ऑपरेटिंग सिस्टिम कमांड प्रकारची. त्यात लिहा हूॲमआय. हो, ही खरंच कमांड आहे, 'मी कोण' असा अर्थ. दुसऱ्या स्टेपमध्ये त्याच नेटवर्क पाथवर 'डीआयआर' द्या. डीआयआर थेट चालत नाही, आधी 'सीएमडी स्लॅश सी' लावा. पॅकेजच्या स्टेपला प्रॉक्सी लावली असेल तर या दोन्ही स्टेप्सनाही तीच प्रॉक्सी लावा, नाहीतर उत्तर भलत्याच माणसाचं मिळेल. जॉब चालवा आणि हिस्ट्रीत आउटपुट वाचा.

बहुतेक वेळा नाव येतं 'एनटी सर्व्हिस, एसक्यूएल सर्व्हर एजंट'. हे इन्स्टॉलेशनच्या वेळी आपोआप बनणारं व्हर्च्युअल अकाउंट आहे, एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून डीफॉल्ट तेच. आता गोम अशी की हे नाव फक्त त्या मशीनच्या आत चालतं. नेटवर्कवर दुसऱ्या मशीनच्या दारात गेल्यावर ते स्वतःची ओळख 'मी अमुक सर्व्हर' अशी करून देतं, म्हणजे मशीनचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. त्यामुळे शेअर्ड फोल्डरच्या परवानग्यांमध्ये एजंटचं नाव शोधत बसलात तर सापडणार नाही. दोन्ही मशीन एकाच डोमेनमध्ये असतील, तर सर्व्हरच्या त्या डॉलरवाल्या अकाउंटला हक्क द्यायचे. नाहीतर सरळ एक वेगळं डोमेन अकाउंट घ्यायचं, त्याचं क्रेडेन्शियल बनवायचं, त्यावर प्रॉक्सी, आणि जॉबच्या स्टेपमध्ये 'रन ॲज' मध्ये ती प्रॉक्सी निवडायची. मी दुसरं करतो. कोण काय वाचतंय हे नावावरून कळतं.

आमच्या काट्याच्या पीसीची अडचण वेगळीच होती. तो डोमेनमध्ये नव्हताच. काट्याच्या व्हेंडरने कधीतरी बसवून दिलेला साधा वर्कग्रुप पीसी. तिथे डोमेन अकाउंट ओळखणार कोण? मग जुना उपाय: दोन्ही मशीनवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं लोकल अकाउंट आणि त्यावर प्रॉक्सी. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं. फक्त एका बाजूला पासवर्ड बदलला की दुसऱ्या बाजूला बदलायचाच, हे कुठेतरी लिहून ठेवा. शक्यतो त्या केबिनच्या भिंतीवर नको!

वाचायचंच आहे, मग लिहायचा हक्क कशाला?

परवानगी देताना शेअरचे हक्क आणि फोल्डरचे म्हणजे एनटीएफएसचे हक्क, दोन्ही बघावे लागतात. दोघांत जे कडक असेल ते लागू होतं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. अडकतात ते पुढच्या पायरीवर.

आयटीवाले म्हणतात, तुमचा जॉब फक्त वाचतो ना? मग घ्या, रीड ओन्ली. ऐकायला एकदम शहाणपणाचं. पण ॲक्सेसची फाइल ही पीडीएफ नाही. ती कोणी शेअर मोडमध्ये उघडली की तिच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये, एक छोटी लॉक फाइल तयार होते. एमडीबी असेल तर एलडीबी, नवीन एसीसीडीबी असेल तर एलएसीसीडीबी. कोण आत आहे आणि कोण कुठल्या भागावर काम करतोय याचा ताळमेळ या फाइलच्या आधाराने ठेवला जातो. तुमचा जॉबही आत शिरताना तिथे आपली नोंद करायला जातो. काट्यावरचा माणूस आत बसलेला आहे, आणि जॉबला त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, की दार बंद. म्हणून जॉबच्या अकाउंटला फाइल बनवणं, बदलणं आणि पुसणं हे हक्क त्या फोल्डरवर द्यावे लागतात. सगळ्या शेअरवर नाही, फक्त त्या फोल्डरवर. आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये मोड रीड ठेवायचा, म्हणजे हक्क असले तरी जॉब डेटाला हात लावणार नाही.

ही लॉक फाइल तपासाच्या कामाची पण आहे. नोटपॅडमध्ये उघडून बघा, मशीनची नावं दिसतात. प्रत्येकासाठी ६४ बाइट, त्यात अर्धे मशीनच्या नावाला. मात्र माणूस बाहेर पडला तरी त्याचं नाव कधी कधी तसंच राहतं, त्यामुळे यादीतला प्रत्येक जण आत आहेच असं धरू नका. खरं कोण आत आहे ते ज्या मशीनवर शेअर आहे तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स इथे दिसतं.

बत्तीस की चौसष्ट

पाथ झाला, परवानगी झाली, तरी मेसेज: प्रोव्हायडर रजिस्टर केलेला नाही. याचा नेटवर्कशी काही संबंध नाही. एमडीबी वाचणारा जुना जेट ४.० प्रोव्हायडर फक्त ३२ बिटमध्ये आहे, ६४ बिटचा कधी आलाच नाही. नंतरचा एसीई दोन्हीत मिळतो, पण मशीनवर जो टाकलाय तोच चालणार. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ पर्यंत स्वतः ३२ बिट होता, त्यामुळे डिझायनरमध्ये प्रिव्ह्यू छान दिसतो. एजंट मात्र ६४ बिट रनटाइम घेतो आणि त्याला तो प्रोव्हायडर सापडत नाही. उपाय सोपा: जॉब स्टेपच्या सेटिंगमध्ये ३२ बिट रनटाइमची टिक आहे, ती करा. किंवा सर्व्हरवर ६४ बिट एसीई टाका. सर्व्हरवर ३२ बिट ऑफिस असेल तर ते इन्स्टॉलेशन नाक मुरडतं. खरं तर डेटाबेसच्या सर्व्हरवर ऑफिस कशाला हवं, हा वेगळाच वाद.

अजून एक चकवा. तुम्ही लॅपटॉपवरून मॅनेजमेंट स्टुडिओ उघडून, कॅटलॉगमधून पॅकेज एक्झिक्यूट करता. आता ते चालतं सर्व्हरवर, पण तुमच्या नावाने. सर्व्हर तुमचं नाव घेऊन तिसऱ्या मशीनकडे, म्हणजे शेअरकडे जातो, आणि तिथे ॲक्सेस डिनाइड. तुम्हाला हक्क आहेत, तरीही. कारण तुमची ओळख लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंत आली. पुढच्या मशीनपर्यंत ती डीफॉल्टने जात नाही. याला डबल हॉप म्हणतात. तेच पॅकेज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करून चालवलं तर चालतं, आणि मग डोकं अजून चक्रावतं. म्हणून मी टेस्ट करताना पॅकेज थेट चालवतच नाही, एजंटचा जॉबच स्टार्ट करतो. रात्री ज्याने चालवायचं आहे त्यालाच दिवसाही चालवू द्या.

आणि पासवर्ड. पॅकेजचं डीफॉल्ट प्रोटेक्शन तुमच्या युजरच्या किल्लीने पासवर्ड लपवतं. दुसऱ्या अकाउंटकडे ती किल्ली नाही, म्हणून त्याला पासवर्ड वाचता येत नाही. पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅरामीटर म्हणून ठेवा, विषय संपला.

हिरवा जॉब खोटं बोलतो तेव्हा

आता मला जास्त भीती वाटते त्या गोष्टीकडे येतो. लाल जॉब बरा, तो निदान ओरडतो. हिरवा जॉब चुकीचा डेटा आणतो तेव्हा कुणालाच कळत नाही.

एक नमुना बघा. कोणीतरी सुचवतं, नेटवर्कवरून वाचू नका, आधी फाइल सर्व्हरवर कॉपी करा, मग कॉपी वाचा. चांगला सल्ला आहे, कारण ॲक्सेसच्या मागे कुठला सर्व्हर नसतो. डेटा शोधायचं काम तुमच्याच बाजूचं इंजिन करतं आणि त्यासाठी फाइलचे तुकडे वायरवरून ओढून आणतं. इंडेक्स नसलेल्या कॉलमवर अट लावलीत तर अख्खं टेबल वायरवरून येणार. पण कॉपीची स्टेप फसली आणि जॉबमध्ये 'फेल झालं तरी पुढे जा' असं सेटिंग असेल, तर पुढची स्टेप कालची कॉपी वाचते आणि हसतमुखाने हिरवी होते. म्हणून कॉपीच्या आधी जुनी कॉपी पुसायची. मग फाइल आली नाही तर जॉब पडेल, आणि पडायलाच हवा. हो, असं केल्यावर पॅकेजमध्ये त्या स्टेपचं डिले व्हॅलिडेशन चालू करा, नाहीतर फाइल यायच्या आधीच पॅकेज ती शोधायला जाईल.

कॉपीची दुसरी अडचण: चालू फाइलची कॉपी म्हणजे चालत्या गाडीचा फोटो. काट्याचं सॉफ्टवेअर नेमकं त्याच क्षणी लिहीत असेल तर अर्धं जुनं, अर्धं नवं येऊ शकतं. कॉपी करणाऱ्या कमांडला लॉक फाइलशी देणंघेणं नसतं. ऑफिस रात्री बंद होत असेल तर प्रश्नच नाही, लॉक फाइल नाहीशी झाली की कॉपी करा. पण गाळप हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. रात्री दोनला काट्यावर गाड्यांची रांग असते! लॉक फाइल जातच नाही. म्हणून तिथे आम्ही कॉपी न करता थेट वाचायचं ठरवलं: रीड मोड, छोटी क्वेरी, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स आहे का ते आधी बघून, आणि सगळं आधी एका स्टेजिंग टेबलमध्ये.

तरी एक भोक उरतं, आणि ते कॉम्प्युटरचं नाही, काट्याचं आहे. गाडी दोनदा वजन होते. येताना भरलेली, जाताना रिकामी. वजाबाकी म्हणजे ऊस. रात्री दोनला जॉब आला तेव्हा एखादी ट्रॉली आत उभी आहे: स्लिप नंबर पडलाय, भरलेलं वजन आहे, रिकामं वजन अजून नाही. जॉब 'कालच्या शेवटच्या नंबरच्या पुढचं आण' असा लिहिला असेल, तर तो ही अर्धी ओळ घेऊन पुढे जाणार आणि उद्या तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. ती गाडी रिपोर्टमध्ये कायमची अर्धी राहणार. म्हणून रोज मागचे तीन दिवस पुन्हा वाचायचे आणि स्लिप नंबर जुळवून ओळी अपडेट करायच्या. डेटा थोडा जास्त येतो, येऊ दे.

शेवटच्या स्टेपमध्ये तीन आकडे मोजून ठेवायचे: किती स्लिपा आल्या, सगळ्यात नवी स्लिप किती वाजताची, आणि रिकामं वजन नसलेल्या किती. नवी स्लिप सहा तासांपेक्षा जुनी असेल तर जॉबने स्वतःहून फेल व्हायचं. सहा तास हा आकडा त्या कारखान्यापुरता. तुमच्याकडे काय चालेल ते काट्यावरच्या माणसाला विचारा, त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पावसाने तोड थांबली की गाड्या येत नाहीत आणि जॉब उगाच ओरडतो, हेही त्यानेच सांगितलं.

एका श्रोत्याचा मेसेज होता: ॲक्सेस नको, एसक्यूलाइटची फाइल शेअरवर ठेवली तर? एकट्याने वाचायला जमेल. पण दोन मशीन एकाच वेळी लिहिणार असतील तर नको. नेटवर्क ड्राइव्हवर लॉकिंग भरवशाचं नसतं, हे एसक्यूलाइटवाले स्वतःच त्यांच्या कागदपत्रांत सांगतात. त्याचा वॉल मोड तर एकाच मशीनवरच्या शेअर्ड मेमरीवर चालतो, नेटवर्कवर तो चालतच नाही. दोन मशीनना लिहायचं असेल तर पोस्टग्रेस टाका, फुकट आहे.

पुढच्या भागात एक्सेलच्या फाइलमधून डेटा घेताना मोबाइल नंबरचं १.२३ई+०९ का होतं ते बघू. तोवर तुमच्या जॉबची हूॲमआय काय म्हणाली ते मेसेज करून कळवा.